खंडेनवमीची अंघोळ

आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी वर्षातून एकदाच आतून-बाहेरून धुतली जायची, खंडेनवमीला. एरवी तिच्या वाट्याला ओलं फडकं आणि आठवड्याला एक बादली पाणी. त्या वर्षी मी बारावीत होतो आणि चुलतभाऊ इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे दोघांनाही सगळं कळत होतं. बाबा सकाळी पेट्रोल भरून आले, गाडी दारात लावली आणि अंघोळीला गेले. आम्ही बॉनेट उघडलं. रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने इंजिनावरची मेणचट काळी पुटं काढली, वर कपड्याच्या साबणाचं पाणी मारलं, आणि मग बागेची नळी, तोंडावर अंगठा दाबून. अर्ध्या तासात इंजिन असं निघालं की ओतीव लोखंडावरचे आकडे वाचता यावेत. झेंडूचा हार झाला, हळदकुंकू झालं, चाकाखाली लिंबू ठेवून झालं. बाबांनी किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, फिरतच राहिला. लिंबू जसंच्या तसं.

बाबांनी पुन्हा किल्ली मारली. मग मी. मग चुलतभावाने, अ‍ॅक्सिलरेटर दणादण दाबत. मग चोक ओढून. दहा-बारा मिनिटांत सेल्फचा आवाज घोगरा होत होत नुसत्या ‘टक्’ वर आला.

गल्लीच्या तोंडाशी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री राहायचे. बोलावल्यावर आले, पण गाडीला हात लावला नाही. बॉनेटखाली वाकले आणि नुसता वास घेतला.

“पेट्रोलात बुडवलीत की,” ते बाबांना म्हणाले. मग आमच्याकडे वळून, “बाळांनो, पाण्यानं एकच काम बिघडवलं होतं. बाकीची दोन तुमची.”

या प्रकरणात सांगायचं आहे ते बहुतेक सगळं या वाक्यात आलं. इंजिन धुतल्यावर सुरू न होणाऱ्या जुन्या गाडीत मूळ बिघाड सहसा किरकोळ असतो, पुष्कळदा एका कोरड्या फडक्याने सुटणारा. तो वाढतो पुढच्या पंधरा मिनिटांत, किल्ली धरलेल्या हाताने.

पाण्याने लोखंडाचं काही बिघडत नाही. इंजिनाच्या पोटात रेडिएटरचं पाणी तर सारखं खेळत असतं. पेट्रोल इंजिनाला सुरू व्हायला हवा लागते, पेट्रोल लागतं आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी लागते. हवा आणि पेट्रोल बंद नळ्यांतून येतात, त्यांना बाहेरच्या पाण्याचा उपद्रव क्वचित होतो. ठिणगीची वीज मात्र बॉनेटखाली उघड्यावर पसरलेल्या वायरींतून येते. नळीचं पाणी पहिलं जाऊन पडतं ते तिथे.

ही व्यवस्था चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याची. ओहायोतल्या डेटन गावात त्याची ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ होती, आद्याक्षरांवरून डेल्को. १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत त्याची बॅटरीवर चालणारी ठिणगीची रचना आली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचाच सेल्फ स्टार्टर. म्हणजे गाडी किल्लीने सुरू करण्याची सोय आणि धुतल्यावर ती सुरू न होण्याचं कारण, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावरून आली. पुढे साठेक वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच रचनेवर धावल्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनीही त्यातलीच.

बॅटरी देते १२ व्होल्ट. प्लगच्या टोकाशी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट असते, तिच्यातून विजेने उडी मारायची असते, आणि तीही पिस्टनने दाबलेल्या हवेतून. त्याला कित्येक हजार व्होल्ट लागतात. ते तयार करते इग्निशन कॉइल. एकाच लोखंडी गाभ्याभोवती दोन गुंडाळ्या, एक जाड तारेची, काहीशे वेढ्यांची. दुसरी केसासारख्या तारेची, वीस हजारांच्या आसपास वेढ्यांची. म्हणजे साधारण शंभरपट. पण बाराची शंभरपट बाराशे होते, तेवढ्याने ठिणगी पडत नाही. केटरिंगची करामत वीज देण्यात नाही, ती तोडण्यात आहे. जाड गुंडाळीतून प्रवाह वाहू द्यायचा, गाभ्यात चुंबकत्व साठू द्यायचं आणि प्रवाह एकदम तोडायचा. चुंबकत्व कोसळतं आणि त्या धक्क्याने जाड गुंडाळीतच क्षणभर दोन-तीनशे व्होल्ट उसळतात. त्यांची शंभरपट म्हणजे वीस-तीस हजार. हे तोडण्याचं काम करतात ते सीबी पॉइंट, कडधान्याच्या दाण्याएवढे दोन धातूचे ठोकळे, अर्ध्या मिलिमीटरहून थोडे कमी उघडणारे. तोडताना त्यांच्यातच ठिणगी पडून दम वाया जाऊ नये म्हणून शेजारी कंडेन्सर.

तयार झालेली वीज जाते डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये. चार सिलिंडरच्या गाडीत या कॅपला पाच शिंगं असतात. मधल्या शिंगातून कॉइलची वायर आत येते, आत फिरणारा रोटर ती वीज कडेच्या चार शिंगांना आळीपाळीने देतो आणि तिथून चार जाड वायरी चार प्लगांकडे जातात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. एवढ्या घाईत वीज चुकत नाही, कारण तिला दुसरीकडे जायला वाट नसते. कॅप बेकलाइटच्या जातीच्या कडक प्लास्टिकची आणि वायरींवर जाड रबर, त्यामुळे वीज मुकाट्याने प्लगपर्यंत जाते.

पाणी तिला दुसरी वाट करून देतं.

निव्वळ शुद्ध पाण्यातून वीज जेमतेमच वाहते. आपण मारतो ते नळाचं, नाहीतर बोअरचं क्षारवालं, त्यात साबण आणि इंजिनावरची विरघळलेली घाण. असं पाणी कॅपच्या दोन शिंगांमध्ये पातळ थराने पसरलं की वीस हजार व्होल्टला तो हमरस्ता. प्लगमधली फट ओलांडण्यापेक्षा कॅपवरून सरपटत जाऊन इंजिनाच्या लोखंडात उतरणं सोपं, आणि वीज सोपी वाट घेते. वायरीच्या टोकाला असलेल्या रबरी टोपीत पाणी साचलं तरी हेच, फक्त एकाच सिलिंडरपुरतं. तशी गाडी सुरू होते पण तीन पायांवर, म्हणजे मिसिंग करत.

मिस्त्रींनी कॅपच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या पट्ट्या नखाने उचकटल्या, कॅप वायरींसकट उलटी केली आणि आमच्या नाकासमोर धरली. बाहेरून आम्ही ती पुसून घेतली होती. आतून मात्र फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखी दवाने डवरलेली. आत पाणी मारलंच नव्हतं, मग हे आलं कुठून? बाबा नुकतेच पंपावरून आलेले, इंजिन गरम होतं. गरम कॅपवर आम्ही गार पाणी ओतलं. आतली हवा आकसली आणि तिने फटींतून बाहेरची दमट हवा ओढून घेतली. तो दमटपणा गार झालेल्या आतल्या भिंतीवर थेंबांनी जमला. बाहेरून पुसून ‘कोरडं केलंय’ म्हणणाऱ्यांची गाडी सुरू होत नाही ती यामुळे. कॅप उघडल्याशिवाय काही कळत नाही.

नव्या वायरींच्या गाडीला हे पाणी सोसतं, जुनीला नाही. वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजून वायरीचं रबर कडक होतं आणि त्याला बारीक तडे जातात. कॅपलाही केसासारख्या भेगा पडतात. इंजिनावरच्या तेलकट धुळीचा आपण तिरस्कार करतो, पण तेल पाण्याला जवळ येऊ देत नाही. तो तेलाचा थर या तड्यांत बसून वर्षं काढत असतो. रॉकेल आणि साबणाने आपण तो खरवडून काढतो आणि तडे पहिल्यांदा उघडे पडतात. म्हणून ‘आत्तापर्यंत नीट चालत होती, धुतली आणि बिघडली’ ही तक्रार अर्धीच खरी. बिघाड आधीपासून तिथे होता, अंघोळीने तो उघडा पडला. गॅरेजवाल्याशी भांडायला जाण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

आता या अनुभवातला सगळ्यात चमत्कारिक भाग. हीच ओली गाडी चालू असती तर कदाचित बंद पडली नसती. पावसात भिजणारी इंजिनं चालतातच की. मग सुरू होतानाच का अडते? सेल्फ मारताना स्टार्टर मोटर बॅटरीतून शंभर-दोनशे अँपिअर खेचते आणि बारा व्होल्टची बॅटरी तेवढ्यापुरती नऊ-दहावर उतरते. कॉइलला नेमकी तेव्हाच कमी वीज मिळते. तिच्या ठिणगीत दम सगळ्यात कमी असतो तो याच क्षणी आणि त्यातलाही हिस्सा ओली कॅप खाते. गाडी एकदा चालू झाली की डायनॅमो भरपूर वीज देतो आणि इंजिनाची ऊब पाणी वाळवून टाकते. धक्का मारून ओल्या गाड्या पटकन सुरू होतात त्याचंही कारण हेच. धक्क्यात स्टार्टर नसतो, सगळी बॅटरी कॉइलच्या वाट्याला येते. मात्र गाडी उतारावर असेल आणि मदतीला चार माणसं असतील तरच हे करावं. इंजिनात पाणी गेल्याचा जरासाही संशय असेल तर अजिबात करू नये, त्याबद्दल पुढे सांगतो.

मिस्त्रींनी मोजलेली ‘बाकीची दोन कामं’ आता सांगतो. ठिणगी पडत नसताना सेल्फ मारत राहिलं तरी कार्बोरेटर आपलं काम करतो, दर फेऱ्याला सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडतो. चोक ओढला की आणखी. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दर दाबाला आतला पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. जळायला ठिणगी नाही, म्हणून ते प्लगवर साचतं. प्लग पेट्रोलने भिजला की नंतर कॅप वाळवली तरी ठिणगी पडत नाही. गॅरेजच्या भाषेत ‘ओव्हरफ्लो’. मिस्त्रींच्या नाकाला बॉनेटखाली लागला तो हा वास. आणि दुसरं, बॅटरी उतरते. आता गाडीत तीन दोष झाले आणि कुठल्याही एकाची दुरुस्ती करून ती सुरू होत नाही, म्हणून माणूस गोंधळतो आणि नको ते उघडायला लागतो. सेल्फ एका वेळी पाच, फार तर दहा सेकंद मारावा आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं. दोनदा करून सुरू झाली नाही तर किल्ली खिशात घालावी. हे मला सांगायला तीस वर्षं उशीर झाला, पण तुम्हाला वेळेवर मिळतंय.

मग बघायचं काय? आधी कान. किल्लीवर इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतं की नुसतं ‘टक्’ करतं? ‘टक्’ असेल तर ठिणगीचा विचारच करू नका. बॅटरीचे टर्मिनल आणि बॉडीला जाणारी अर्थची पट्टी बघा. जुन्या गाडीत टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी जमलेली असते, पाण्याने ती आत सरकते आणि संपर्क जातो. पॉलिशपेपरने घासून घट्ट केलं की झालं. मग नाक. पेट्रोलचा भपकारा येत असेल तर गाडी तशीच सोडून चहा घ्या, वीस मिनिटं तरी. त्यानंतर चोक आत ढकलून अ‍ॅक्सिलरेटर एकदाच पूर्ण दाबून धरायचा, वरखाली करायचा नाही, आणि पाच-सात सेकंद सेल्फ. भरपूर हवा जाऊन प्लग सुकतात.

नाक आणि कान दोन्ही काही सांगत नसतील तर ठिणगी बघायची. यासाठी डिकीत एक जादा प्लग ठेवावा. गाडीतला एकही प्लग न काढता एका प्लगाची वायर उपसायची, जादा प्लगवर बसवायची आणि त्या प्लगचं धातूचं अंग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला पक्कं टेकवायचं. दुसऱ्याने सेल्फ मारायचा. कडकड आवाजाची निळी ठिणगी पडली तर तिथपर्यंत सगळं ठीक. फिकट नारिंगी, मरतुकडी असेल तर दम कुठेतरी गळतोय. काहीच नसेल तर मागे मागे जायचं. कॅप, रोटर, मग पॉइंट, मग कॉइल. गाडीतलाच प्लग काढून ही परीक्षा करणारे पुष्कळ आहेत, पण त्या मोकळ्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारी ठिणगी. आग लागायला आणखी काय लागतं? वायर उघड्या हातात धरून ‘करंट’ बघण्याचाही एक जुना मर्दानी प्रकार आहे. तो धक्का बहुधा जीव घेत नाही, पण हात झटकून बॉनेटच्या पत्र्यावर आपटतो, नाहीतर चालत्या पंख्यात जातो. पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर चालू इग्निशनच्या जवळही जाऊ नये. आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत वायर अधांतरी ठेवून सेल्फ मारला तर महागडं मॉड्यूल जळू शकतं.

वायरींबद्दल एक सूचना, कारण यात भलेभले फसतात. पुसण्यासाठी चारही वायरी एकदम काढू नका. चार सिलिंडर एक-दोन-तीन-चार असे ओळीने पेटत नाहीत, बहुतेक गाड्यांत एक-तीन-चार-दोन, मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांत एक-तीन-दोन. क्रम चुकला की गाडी सुरू होत नाही, उलट कार्बोरेटरमधून फटाका वाजवते, आणि मग लोक म्हणतात पाणी फारच आत गेलंय. एक काढा, पुसा, लावा, मग दुसरी.

आमची कॅप आईने पापडांच्या शेजारी उन्हात ठेवली. रोटर मिस्त्रींनी धोतराच्या सोग्याला पुसला, पॉइंटमध्ये कोऱ्या पोस्टकार्डाचा तुकडा घालून ओढला. शेजाऱ्यांच्या जीपची बॅटरी जोडली आणि दुपारी एकच्या सुमाराला पद्मिनी खाकरून सुरू झाली. पण सुरातली नव्हती, मध्येच एक ठोका चुकवायची. “अंधार पडू द्या,” असं म्हणून मिस्त्री जेवायला गेले.

संध्याकाळी त्यांनी दारातला दिवा बंद करायला लावला, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि आम्हाला हात मागे बांधायला सांगितले. कॅपच्या दोन शिंगांमध्ये एक निळी रेघ वळवळत होती, गांडुळासारखी, दिसते न दिसते. एका वायरीच्या वाकणापाशीही निळसर धग होती. जुन्या गाडीची इतकी स्वस्त आणि इतकी खात्रीची तपासणी दुसरी नाही, आणि वर्कशॉपच्या झगझगीत उजेडात ती होऊच शकत नाही. सकाळी कॅप उन्हात बघितली तर त्या रेघेच्या जागी पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी ओळ. पाण्यावरून धावताना वीज वाटेतलं प्लास्टिक जाळते आणि मागे कोळसा ठेवते. कोळसा वीज वाहून नेतो. म्हणजे पाणी वाळलं तरी वाट कायमची झाली. अशी कॅप घासून, पुसून, वाळवून काही उपयोग नाही, ती बदलायची. ओळ नसेल तर नुसतं कोरडं करणं पुरेसं.

कोरडं करायला काय वापरावं? ऑक्टोबरचं ऊन आणि जुन्या धोतराचा तुकडा. हवेची नळी असेल तर उत्तम, केस वाळवायचा ड्रायरही चालतो. त्याआधी बॅटरीचं ऋण टर्मिनल सोडून ठेवावं. कॅपमध्ये पेट्रोल शिंपडून काडी लावण्याची पद्धत मी डोळ्यांनी पाहिली आहे, ती कधी कोणाला शिकवू नये. फवाऱ्याच्या निळ्या-पिवळ्या डब्याला, म्हणजे डब्ल्यूडी-४० ला, पुष्कळ लोक गंजाचं किंवा कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांचं औषध समजतात. नावातली अक्षरं आहेत ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’ यांची, म्हणजे पाणी हटवणं, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. १९५३ साली सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने ते बनवलं, आणि सुरुवातीला ते अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून वापरलं गेलं. ओल्या कॅपवर ते मारणं हा त्याचा नावाला जागणारा उपयोग. मारून पाच मिनिटं थांबावं आणि आतून पुसून घ्यावं, नाहीतर त्याच तेलावर पुढची धूळ चिकटते.

सैन्याने हा प्रश्न मुळातूनच सोडवला होता. १९५० च्या सुमाराला आलेल्या अमेरिकन एम-३८ जीपचा डिस्ट्रिब्युटर बंद डब्यात होता आणि वायरी धातूच्या वेष्टणात, त्यामुळे ती ओढ्यात उतरू शकायची. तुमच्या-माझ्या गाडीत तेवढा खर्च कोणी केला नाही. डिझेलला तर प्लगची ठिणगीच नसते, नुसत्या दाबाच्या उष्णतेने ते पेटतं, म्हणून जुन्या डिझेल जीपा कशाही धुतल्या तरी निमूटपणे सुरू होतात. बजाज स्कूटर डबक्यातून गेली की प्लगची टोपी काढून फुंकर मारायची आणि ती आडवी करायची हे आमच्या पिढीचं घरगुती विज्ञान. त्यातल्या फुंकरीवर माझा विश्वास आहे.

इथवर पाणी बाहेर होतं. ते आत गेलं तर खेळ वेगळा. कार्बोरेटरच्या तोंडातून थोडं पाणी गेलं तर ते पेट्रोलपेक्षा जड म्हणून फ्लोटच्या वाटीच्या तळाशी बसतं, आणि जेटचं तोंड नेमकं तिथेच असतं. ठिणगी उत्तम, पेट्रोल भरपूर, तरी गाडी सुरू होत नाही किंवा होऊन विझते, तेव्हा वाटी उघडून रिकामी करायची. पण एअर क्लीनरमधून घटाघटा पाणी गेलं असेल तर तिथेच थांबायचं. हवा दाबता येते, पाणी दबत नाही. पाण्याने भरलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येऊ लागला की एकतर इंजिन ‘ढप्’ करून अडतं किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या आठवड्यात मुंबईतल्या कितीतरी गाड्यांची इंजिनं गेली ती पुरात बुडून नव्हे, तर दुसऱ्या दिवशी मालकाने हौसेने किल्ली फिरवून. धुतल्यावर असं होणं विरळ, पण एअर क्लीनरचं झाकण उघडं ठेवून नळी मारली असेल तर होतं. फिल्टर ओला चिंब निघाला की सगळे प्लग काढावेत आणि इंजिन हाताने फिरवावं. भोकांतून पाण्याची पिचकारी उडाली तर तुम्ही वेळेत थांबलात.

पद्मिनी आता रस्त्यावर दिसत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या २९ ऑक्टोबरला नोंदवलेली होती, वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये तीही गेली. पण आज ‘जुनी गाडी’ म्हणजे २००० सालानंतरची इंजेक्शनवाली असते. प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर गेला, पुढे डिस्ट्रिब्युटरही गेला. पाण्याने जागा बदलली, एवढंच. अनेक इंजिनांत प्लग आता डोक्यावरच्या खोल विहिरीत असतात आणि त्या विहिरीत पाणी साचून राहतं, वरून दिसतही नाही. प्लग काढण्याआधी ते हवेने उडवा, नाहीतर प्लग निघताच सिलिंडरमध्ये ओतलं जाईल. किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागून पेट्रोल पंपाचा दोन सेकंदांचा गुणगुणाट आला पाहिजे आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे. दिवाच लागत नसेल तर फ्यूज किंवा रिले. दोन्ही होऊनही ठिणगी नसेल तर क्रँक सेन्सरचा सॉकेट ओला असण्याची शक्यता मोठी. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळलं नाही तर तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही. सॉकेट सोडा, हवा मारा, परत बसवा, पण बॅटरी जोडलेली असताना कॉम्प्युटरचा सॉकेट उपसू नका. वाळवूनही उजेड पडला नाही तर इथे मात्र स्कॅनरवाल्याकडे जाणं स्वस्त पडतं.

मग इंजिन धुवावंच का? वर्षातून एकदा जरूर धुवावं. तेल कुठून गळतंय ते घाणेरड्या इंजिनावर कळत नाही आणि उंदराने कुरतडलेली वायरही दिसत नाही. फक्त इंजिन पूर्ण गार हवं. गरम लोखंडावर गार पाणी पडलं की दवच काय, सायलेन्सरकडच्या ओतीव भागाला तडाही जाऊ शकतो. प्रेशरवाला पाइप बॉनेटखाली नकोच. नळाच्या पाण्याचा दाब दोन-चार बार, घरगुती प्रेशर वॉशरचा शंभराच्या पुढे. तेवढ्या दाबाने जाणारं पाणी कोणतंही रबर जुमानत नाही. ब्रश, थोडं रॉकेल, ओलं फडकं आणि शेवटी हलक्या धारेने विसळणं पुरतं. धुण्यापूर्वी डिस्ट्रिब्युटर, कॉइल, डायनॅमो आणि एअर क्लीनरचं तोंड यांवर प्लास्टिक बांधायचं. मिस्त्रींनी आम्हाला त्यासाठी दुधाच्या रिकाम्या पिशव्या आणि सायकलच्या ट्यूबचे काप वापरायला शिकवलं. पिशवी डिस्ट्रिब्युटरला टोपीसारखी अगदी बेतून बसते.

पुढच्या खंडेनवमीला आम्ही सगळं असंच केलं, गाडी चकचकीत झाली आणि किल्ली मारल्यावर पुन्हा सुरू झाली नाही. एअर क्लीनरच्या तोंडावरची पिशवी काढायची राहिली होती. बांधताना पिशव्या मोजून ठेवा.